रॅम ८ जीबी, प्रोसेस ४० जीबीची: पेजिंग आणि आभासी मेमरी आतून कशी चालते

प्रश्न थोडक्यात असा आहे. ८ जीबी रॅमच्या लिनक्स सर्व्हरवर ‘टॉप’ ही आज्ञा एका प्रोसेसची (चालू असलेल्या प्रोग्रॅमची) आभासी मेमरी ४० जीबी दाखवते, त्याच प्रोसेसमध्ये सेकंदाला हजारो पेज फॉल्ट होताना दिसतात, तरीही सर्व्हर व्यवस्थित चालतो. मग हे आकडे खरे मानायचे का, फॉल्ट म्हणजे बिघाड समजायचा का, आणि वेग वाढावा म्हणून स्वॅप (रॅममधून बाहेर काढलेला मजकूर ठेवण्याची डिस्कवरील जागा) बंद करावा का?

आकडे खरे आहेत, फॉल्ट बहुतांशी निरुपद्रवी आहेत आणि स्वॅप बंद करण्याची घाई करू नये, एवढे उत्तर एका वाक्यात देता येते. ते पटायचे असेल, तर मात्र एक रूढ समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. ‘रॅम अपुरी पडली की डिस्कचा काही भाग रॅमसारखा वापरणे म्हणजे आभासी मेमरी’ असे बहुतेकांच्या मनात पक्के बसलेले असते. प्रत्यक्षात ज्या यंत्रावर स्वॅप मुळीच नाही, त्या यंत्रावरही आभासी मेमरी प्रत्येक आज्ञेगणिक काम करत असते. प्रोग्रॅम जो पत्ता वापरतो तो आणि रॅममधली खरी जागा यांची फारकत करणे, हे तिचे मूळ काम आहे. मेमरीचे काही तुकडे डिस्कवर नेऊन ठेवणे हा त्या फारकतीचा केवळ एक उपयोग, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचाही नव्हे.

ही फारकत नसती, तर काय झाले असते ते पाहू. प्रत्येक प्रोग्रॅमला रॅममधील प्रत्यक्ष पत्ते वापरावे लागले असते. तो रॅममध्ये नेमका कोठे चढवला जाईल हे आधी ठाऊक नसल्यामुळे त्यातील पत्ते दर वेळी बदलून घ्यावे लागले असते, आणि एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या जागेत लिहिण्यापासून रोखणे अवघड झाले असते. प्रत्येक प्रोग्रॅमला एक आरंभपत्ता आणि एक मर्यादा नेमून देण्याची जुनी पद्धत या दोन अडचणींवर तोडगा काढते. पण त्या पद्धतीत प्रत्येकाला सलग जागाच द्यावी लागते. प्रोग्रॅम येत-जात राहिले की रॅममध्ये लहान-लहान मोकळे तुकडे उरतात, आणि एकूण रिकामी जागा पुरेशी असूनही सलग जागा मिळत नाही म्हणून नवा प्रोग्रॅम ताटकळतो. पेजिंगने सलगतेची ही अटच काढून टाकली.

पेजिंगमध्ये प्रोसेसचा पत्त्यांचा सगळा विस्तार ठरावीक आकाराच्या पेजेसमध्ये विभागलेला असतो आणि रॅम त्याच आकाराच्या फ्रेम्समध्ये. नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरवर हा आकार ४ केबी, म्हणजे ४,०९६ बाइट्स असतो. कोणतेही पेज कोणत्याही फ्रेममध्ये बसू शकते, आणि कोणते पेज कोणत्या फ्रेममध्ये आहे याची नोंद त्या प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये ठेवली जाते. समजा, प्रोग्रॅमने २०,५०० या पत्त्यावरील बाइट मागितला. २०,५०० ला ४,०९६ ने भागल्यास भागाकार ५ येतो आणि बाकी २० उरते. म्हणजे हा बाइट पेज क्रमांक ५ मध्ये, आरंभापासून २० बाइट्स पुढे आहे. पेज टेबलमध्ये पेज ५ समोर फ्रेम ९ अशी नोंद असेल, तर खरा पत्ता ९ गुणिले ४,०९६ अधिक २०, म्हणजे ३६,८८४ होतो. प्रोसेसरला हा भागाकार करत बसावे लागत नाही. पेजचा आकार दोनाच्या घातात असल्यामुळे पत्त्याचे शेवटचे १२ बिट हीच बाकी असते आणि उरलेले बिट हाच पेज क्रमांक असतो. दुसऱ्या एखाद्या प्रोसेसनेही त्याच क्षणी २०,५०० हाच पत्ता वापरला, तरी तिचे पेज टेबल वेगळे असल्याने ती फ्रेम ९ पर्यंत पोहोचत नाही. दोन प्रोसेसमधील संरक्षण येथूनच मिळते. दुसऱ्याच्या फ्रेमला स्वतःच्या टेबलमध्ये नोंदच नसेल, तर तिच्यापर्यंत जाण्यासाठी पत्ता तरी कोणता लिहिणार?

आता या टेबलच्या आकाराचा प्रश्न येतो. ६४-बिट एक्स८६ प्रोसेसरवर चार पातळ्यांच्या पेजिंगमध्ये आभासी पत्ता ४८ बिटांचा असतो, म्हणजे एकूण विस्तार २५६ टीबी. त्यातील १२ बिट पेजमधील स्थानासाठी गेले, तर पेज क्रमांकासाठी ३६ बिट उरतात. प्रत्येक नोंद ८ बाइट्सची धरली आणि टेबल सपाट ठेवले, तर एका प्रोसेसच्या टेबललाच ५१२ जीबी लागतील. म्हणून टेबल चार पातळ्यांत मोडलेले असते. ३६ बिटांचे ९-९ बिटांचे चार गट पडतात. ९ बिटांनी ५१२ नोंदी निवडता येतात आणि ८ बाइट्सच्या ५१२ नोंदी बरोबर ४,०९६ बाइट्स व्यापतात, त्यामुळे टेबलचा प्रत्येक तुकडाही एका फ्रेममध्ये नेमका मावतो. सर्वांत वरच्या तुकड्याचा पत्ता प्रोसेसरमधील सीआर३ या रजिस्टरमध्ये (एका छोट्या साठवणीच्या जागेत) असतो. पहिल्या नऊ बिटांनी त्यातील एक नोंद निवडायची, ती पुढच्या तुकड्याकडे नेते, आणि असे चार वेळा केल्यावर फ्रेम सापडते. खरी बचत अशी की, पत्त्यांच्या ज्या विस्तीर्ण पट्ट्यांत प्रोसेसचे काहीच नाही, त्यांच्यासाठी वरच्या तुकड्यात एक रिकामी नोंद पुरते आणि खालचे तुकडे निर्माणच होत नाहीत. नव्या काही प्रोसेसरवर पाचवी पातळीही आहे आणि तिथे पत्ता ५७ बिटांचा होतो.

मेमरीतील एक मूल्य वाचण्यासाठी आधी टेबलची चार वाचने करावी लागली, तर यंत्र निकामी म्हणण्याइतके मंद होईल. त्यावर उपाय म्हणून प्रोसेसरमध्येच अलीकडे झालेल्या भाषांतरांचा, म्हणजे आभासी पत्त्यावरून काढलेल्या खऱ्या पत्त्यांचा, एक छोटा साठा असतो, त्याला टीएलबी म्हणतात. इंटेलच्या स्कायलेक पिढीत डेटासाठी पहिल्या पातळीवर ४ केबी पेजेसच्या ६४ आणि दुसऱ्या पातळीवर १,५३६ नोंदी मावतात. १,५३६ नोंदी म्हणजे एका वेळी केवळ ६ एमबी मेमरीचे पत्ते हाताशी. आठ जीबीच्या मानाने ही संख्या हास्यास्पद वाटते, पण प्रोग्रॅम बहुतेक वेळ त्याच त्या जागांभोवती घुटमळत असतात, म्हणून एवढ्यावर निभावते.

ते निभावत नाही तेव्हा काय होते, हे एका उदाहरणात स्वच्छ दिसते. ४,०९६ ओळी आणि १,०२४ स्तंभ असलेले, ४ बाइटी पूर्णांकांचे एक द्विमितीय अ‍ॅरे घ्या. सी भाषेत ते ओळीमागून ओळ साठवले जाते, म्हणजे एक ओळ बरोबर एका पेजएवढी होते. ओळीनुसार बेरीज केली, तर एका पेजचे भाषांतर एकदा मिळाले की पुढील १,०२३ वाचने त्याच भाषांतरावर होतात. तीच बेरीज स्तंभानुसार केली, तर प्रत्येक वाचन नव्या पेजवर उडी मारते, आणि पुन्हा पहिल्या ओळीकडे यावे तोवर ४,०९६ पेजेस पालथी घातलेली असल्यामुळे तिचे भाषांतर टीएलबीतून केव्हाच बाहेर फेकले गेलेले असते. येथे कॅशचेही (प्रोसेसरमधील डेटाच्या जलद साठ्याचेही) नुकसान होते, त्यामुळे सगळा दोष टीएलबीच्या माथी मारणे योग्य नाही. पण या १६ एमबीच्या अ‍ॅरेसाठी २ एमबीची मोठी पेजेस वापरली, तर अवघ्या आठ-नऊ नोंदींत काम भागते आणि टीएलबीचा वाटा नेमका किती होता हे मोजता येते. मोठ्या डेटाबेससाठी मोठी पेजेस सुचवली जातात त्यामागचे कारण हेच.

पेज टेबलमधील नोंदीत फ्रेम क्रमांकाखेरीज काही बिट असतात आणि बाकीची सगळी किमया त्यांच्यावरच चालते. पेज रॅममध्ये हजर आहे का, त्यावर लिहिण्याची मुभा आहे का, ते कर्नलबाहेरील (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) प्रोग्रॅमला दिसावे का, त्यातील मजकूर आज्ञा म्हणून चालवता येतो का, त्याला अलीकडे कोणी हात लावला का, आणि त्यात काही लिहिले गेले आहे का, ही माहिती एकेका बिटात असते. शेवटचे दोन बिट प्रोसेसर स्वतः उंचावतो आणि कर्नल ते वाचतो. पहिल्या चारांपैकी कोणत्याही अटीचा भंग झाला की प्रोसेसर चालू आज्ञा अर्धवट सोडून कर्नलला बोलावतो. हाच पेज फॉल्ट.

तेव्हा पेज फॉल्ट ही हार्डवेअरने कर्नलला मारलेली हाक आहे. हाक आल्यावर कर्नल आधी एकच गोष्ट तपासतो, ती म्हणजे या प्रोसेसला या पत्त्यावर असे करण्याचा अधिकार दिलेला होता का. अधिकार नसेल, तर प्रोसेसला ‘सेगमेंटेशन फॉल्ट’चा सिग्नल मिळतो आणि बहुधा ती तिथेच संपते. अधिकार असेल, पण नोंद तयार नसेल, तर कर्नल नोंद भरतो आणि तीच आज्ञा पुन्हा चालू करून देतो. मधे काही घडले हे प्रोग्रॅमला कळतही नाही. ही नोंद डिस्कला हात न लावता भरता आली, तर तो किरकोळ फॉल्ट, आणि मजकूर डिस्कवरून आणावा लागला, तर तो मोठा फॉल्ट. तुम्हाला सेकंदाला हजारोंनी दिसणारे फॉल्ट जवळजवळ निश्चितपणे पहिल्या प्रकारचे आहेत, नाहीतर सर्व्हर व्यवस्थित चालतो असे तुम्ही लिहिलेच नसते.

४० जीबीचा उलगडाही येथेच होतो. प्रोग्रॅमने कर्नलकडे १ जीबी मागितले की कर्नल ‘या पत्त्यापासून या पत्त्यापर्यंतचा पट्टा तुझा’ एवढी नोंद स्वतःच्या दप्तरी करतो आणि परत येतो. फ्रेम एकही दिली जात नाही. त्या पट्ट्यातील एखाद्या पेजवर प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहितो तेव्हा फॉल्ट होतो, कर्नल एक फ्रेम शोधतो, ती शून्यांनी पुसून घेतो आणि टेबलमध्ये जोडतो. पुसणे अनिवार्य आहे, अन्यथा आधीच्या प्रोसेसचा मजकूर नव्या प्रोसेसला आयता वाचायला मिळेल. लिहिण्याऐवजी प्रोग्रॅमने पहिल्यांदा नुसते वाचले, तर लिनक्स सर्वांसाठी सामाईक असलेले एक शून्य पेज दाखवून वेळ मारून नेतो.

‘टॉप’मधील व्हीआयआरटी हा स्तंभ अशा सर्व पट्ट्यांची बेरीज सांगतो आणि आरईएस हा स्तंभ त्यांपैकी किती पेजेस प्रत्यक्ष रॅममध्ये आहेत ते सांगतो. प्रत्येक थ्रेडच्या (प्रोसेसमधील कामाच्या स्वतंत्र धाग्याच्या) स्टॅकसाठी, म्हणजे चालू फंक्शन्सच्या तात्पुरत्या मजकुरासाठी, सहसा ८ एमबीचा पट्टा राखला जातो, म्हणजे २०० थ्रेड असलेल्या प्रोसेसचे १.६ जीबी तर कशालाही हात न लावता भरतात. शिवाय मेमरी वाटपाची लायब्ररी थ्रेडमागे मोठे पट्टे राखून ठेवते, जावाचे यंत्र हीपसाठी (प्रोग्रॅमने चालताना मागितलेल्या मेमरीसाठी) आगाऊ जागा अडवते, आणि एखादी ३० जीबीची डेटा फाइल मेमरीत मॅप केलेली (प्रोसेसच्या पत्त्यांशी थेट जोडलेली) असेल, तर तीही याच बेरजेत धरली जाते. मेमरीचा तुटवडा आहे का हे ठरवताना मी व्हीआयआरटीकडे पाहतच नाही. आरईएससुद्धा पूर्ण विश्वासाचे नाही, कारण अनेक प्रोसेसमध्ये सामाईक असलेले पेज त्यात प्रत्येकाच्या नावावर पूर्ण मोजले जाते. सामाईक पेजचा हिस्सा भागीदारांत वाटून मोजणारा पीएसएस हा आकडा त्या मानाने प्रामाणिक आहे, आणि तो कर्नलची माहिती फाइल्सच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक फाइलसिस्टीममध्ये प्रत्येक प्रोसेसच्या एसमॅप्स फाइलमध्ये मिळतो.

आधी हो म्हणायचे आणि फ्रेम नंतर द्यायची, या धोरणात एक जोखीम अर्थातच आहे. सगळ्यांनी एकाच वेळी आपापले वचन वटवायचे ठरवले, तर? लिनक्स मूळ मांडणीत फक्त उघडउघड अवाजवी मागणी नाकारतो, उदाहरणार्थ एकाच मागणीत एकूण रॅम आणि स्वॅप यांच्या बेरजेहून अधिक मेमरी. बाकी मागण्या तो मान्य करतो आणि वेळ आली की ओओएम किलर (मेमरी संपल्यावर बळी निवडणारा कर्नलचा भाग) एखादी प्रोसेस मारून जागा मोकळी करतो. विंडोज याबाबत सावध आहे. रॅम आणि पेज फाइल यांच्या बेरजेपलीकडे खासगी मेमरी ती देऊच करत नाही. दोन्ही धोरणांना आपापली किंमत आहे. एकात मागताना नकार ऐकावा लागतो, दुसऱ्यात काम ऐन रंगात असताना जीव जातो.

त्याच बिटांचा आणखी एक सुंदर उपयोग फोर्कमध्ये होतो. प्रोसेसची प्रत काढताना कर्नल मजकुराची प्रत काढत नाही. दोघींच्या टेबलमध्ये त्याच फ्रेम्स जोडतो आणि खासगी पेजेसची लिहिण्याची मुभा दोन्हीकडून काढून घेतो. पुढे कोणी लिहू लागले की फॉल्ट होतो आणि तेवढ्याच पेजची प्रत निघते. मात्र टेबलची प्रत काढण्याचा खर्च टळत नाही. ४ केबी पेजेस वापरणाऱ्या २० जीबीच्या प्रोसेसमध्ये बावन्न लाखांहून अधिक नोंदी असतात आणि फक्त खालच्या पातळीचे टेबलच ४० एमबीचे होते. मेमरीत राहणारे डेटाबेस पार्श्वभूमीवर प्रत जतन करण्यासाठी फोर्क करतात तेव्हा क्षणभर अडखळतात, ते यामुळे. आणि त्या काळात लिखाण जोरात चालू असेल, तर त्यांची मेमरी दुपटीकडे सरकते, तेही यामुळेच.

रॅम खरोखर भरली की कोणते पेज बाहेर काढायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि तो पेजिंगइतकाच जुना आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने घडवलेला आणि १९६२ मध्ये कार्यान्वित झालेला अ‍ॅटलस संगणक १६ हजार शब्दांची (शब्द म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो मेमरीचा घटक) कोअर मेमरी आणि ९६ हजार शब्दांचे चुंबकीय ड्रम प्रोग्रॅमरला एकसंध मेमरी म्हणून दाखवत असे. त्यातील पेज ५१२ शब्दांचे होते, आणि कोणते पेज ड्रमवर परत पाठवायचे याचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅमही त्यात होता. पुढे संगणकशास्त्रज्ञ बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखवले की जे पेज भविष्यात सर्वांत उशिरा लागणार आहे ते काढणे सर्वोत्तम. भविष्य कोणालाच दिसत नसल्याने ही पद्धत फक्त मोजपट्टी म्हणून उपयोगी पडते. आधी आलेले पेज आधी काढण्याची सोपी रीत किती दगा देऊ शकते, हे कागदावर पडताळून पाहण्यासारखे आहे. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पेजेस लागत असतील, तर तीन फ्रेम्समध्ये ९ फॉल्ट होतात आणि फ्रेम्स वाढवून चार केल्या, तर १० होतात.

सर्वांत जास्त काळ न वापरलेले पेज काढणे हा भविष्याचा चांगला अंदाज ठरतो. पण प्रत्येक वाचनाची वेळ नोंदवणे परवडत नाही, म्हणून कर्नल ‘हात लावला’ या बिटावर भागवतात. बिट उंचावलेला दिसला तर तो खाली करून त्या पेजला आणखी एक संधी द्यायची, आणि पुढच्या फेरीत तो खालीच आढळला तर पेज काढायचे. लिनक्सच्या सक्रिय आणि निष्क्रिय याद्या याच विचारावर उभ्या आहेत, आणि २०२२ च्या ६.१ आवृत्तीत आलेली बहुपिढी पद्धत त्याचीच अधिक बारकाईने केलेली मांडणी आहे.

काढलेले पेज लगेच पुन्हा लागू लागले की काय होते, याचा हिशोब धक्कादायक आहे. रॅमचे एक वाचन सुमारे १०० नॅनोसेकंदांचे आणि फिरत्या डिस्कवरील मोठा फॉल्ट सुमारे १० मिलिसेकंदांचा धरला, तर एक लाख वाचनांत केवळ एक मोठा फॉल्ट झाला तरी सरासरी वेळ दुप्पट होते. एसएसडीवर तोच फॉल्ट १०० मायक्रोसेकंदांचा धरला, तर हजारात एक पुरतो. ही उतरण इतकी तीव्र असल्यामुळे मेमरीच्या टंचाईत यंत्र हळूहळू मंदावत नाही, एकदम कोसळते. या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये तिचे कारण नेमके मांडले. प्रत्येक प्रोसेसला ठरावीक कालखंडात लागणाऱ्या पेजेसचा एक कार्यसंच असतो, आणि चालू प्रोसेसच्या कार्यसंचांची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली की कोणतेही धोरण उपयोगी पडत नाही. उपाय दोनच उरतात, चालू कामे कमी करणे किंवा रॅम वाढवणे.

आता स्वॅपकडे वळतो. ‘स्वॅप बंद केला की थ्रॅशिंग होणारच नाही’ हा तर्क वरवर बिनतोड दिसतो, पण तो चुकीचा आहे. रॅममधील पेजेस ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काहींच्या मागे एखादी फाइल असते, उदाहरणार्थ प्रोग्रॅमचा कोड आणि वाचलेल्या फाइल्स. तर काहींच्या मागे काहीच नसते, उदाहरणार्थ हीप आणि स्टॅक. दुसऱ्या प्रकारच्या पेजला डिस्कवर जागा हवी असेल, तर ती फक्त स्वॅपमध्ये मिळते. स्वॅप बंद केला की ही पेजेस रॅममध्ये खिळली जातात, मग सुरुवातीला एकदा वापरून विसरलेली असली तरी. टंचाई आली की कर्नलच्या हाती फक्त फाइलवाली पेजेस उरतात, आणि त्यांत चालू प्रोग्रॅमचा कोडही येतो. मग कोड फेकायचा, पुढच्या क्षणी तोच डिस्कवरून पुन्हा वाचायचा, असे चक्र सुरू होते. स्वॅप शून्य असलेला सर्व्हर लॉगिनलाही दाद देईना आणि डिस्कवरील वाचन मात्र शिगेला पोहोचले, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा तक्रार करणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास असतो, ‘स्वॅपच नाही, मग डिस्क कशाला फिरते आहे?’

म्हणून तुमच्यासारख्या सर्व्हरवर मी थोडा स्वॅप ठेवतो. तो रॅमला पर्याय म्हणून ठेवत नाही. निष्क्रिय पेजेसना बाहेर जाण्याची वाट असावी म्हणून ठेवतो. डिस्क संथ असेल, तर झेडरॅम वापरून पेजेस रॅममध्येच संकुचित स्वरूपात ठेवता येतात. स्वॅपिनेस हा आकडा (मूळ किंमत ६०) रॅम किती टक्के भरल्यावर स्वॅप सुरू करायचा ते सांगत नाही. फाइलवाली आणि बिनफाइलची पेजेस यांपैकी कोणाला काढणे तुलनेने स्वस्त समजावे, हे तो सांगतो. तो शून्य केल्याने स्वॅप बंद होत नाही. अपवादही आहेत. विलंबाची काटेकोर हमी देणारी कामे आपली पेजेस एमलॉक या कर्नलच्या सोयीने रॅममध्ये बांधून ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

तुमच्या यंत्राची तब्येत पाहायची असेल, तर स्वॅप किती भरला आहे हा आकडा सोडून द्या. दोन जीबी स्वॅप महिनाभर भरलेला असूनही त्यातील एकही पेज परत मागितले जात नसेल, तर कोणाचेही नुकसान नाही. व्हीएमस्टॅट या आज्ञेच्या एसआय (स्वॅपमधून आत) आणि एसओ (स्वॅपकडे बाहेर) या स्तंभांत सतत मोठे आकडे दिसतात का ते पाहा, आणि एसएआर या आज्ञेच्या अहवालात मोठ्या फॉल्टचा दर वेगळा काढा. कर्नल ४.२० किंवा त्यानंतरचा असेल आणि त्यात ही सोय चालू असेल, तर प्रॉकमधील प्रेशर विभागातील मेमरीची फाइल वाचा, कारण मेमरीची वाट पाहण्यात कामांचा किती टक्के वेळ गेला हे ती थेट सांगते. ही टक्केवारी शून्याच्या आसपास असेल, तर ४० जीबीच्या त्या आकड्याला हात लावायचे कारण नाही. ती सतत दोन अंकी दिसू लागली, तर कोणत्या प्रोसेसचा पीएसएस वाढतो आहे ते आधी शोधा, आणि स्वॅपला हात नंतर लावा.